४५ दिवस की १८० दिवस? अमेरिकेत सरकारी नोकरीत भेदभाव झाला तर

अमेरिकेत फेडरल म्हणजे केंद्र सरकारच्या नोकरीत असाल आणि वंश, धर्म, लिंग, वय किंवा अपंगत्वावरून डावललं गेलं, तर घटनेपासून फक्त ४५ दिवसांत आपल्याच खात्यातल्या ईईओ काउन्सेलरशी (समान संधीच्या तक्रारी ऐकणाऱ्या सल्लागाराशी) बोलावं लागतं. राज्य सरकारची, सिटीची किंवा प्रायव्हेट नोकरी असेल तर थेट ईईओसीकडे (नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी घेणाऱ्या केंद्रीय आयोगाकडे) १८० दिवसांत तक्रार, आणि बऱ्याच राज्यांत भेदभावाच्या तक्रारी बघणारी तिथली एजन्सी असल्यामुळे ३०० दिवस मिळतात.

म्हणजे फेडरलवाला आणि राज्यवाला दोघंही सरकारी नोकर, पण एकाला दीड महिना आणि दुसऱ्याला सहा ते दहा महिने, हे मला तरी अन्यायाचंच वाटतं, कारण प्रमोशन नाकारलं की माणूस आधी घरी बोलतो, मग बॉसशी, मग युनियनकडे जातो, आणि तेवढ्यात ४५ दिवस कधी सरले कळतही नाही. युनियनच्या तक्रारीने हे घड्याळ थांबत नाही हो! शनिवार-रविवारही मोजतात, शेवटचा दिवस सुट्टीचा आला तरच पुढचा कामाचा दिवस चालतो.

फेडरलवाल्यांना पुढे अजून एक आहे, काउन्सेलिंग संपून नोटीस हातात आली की फॉर्मल तक्रारीला फक्त १५ दिवस. ती नोटीस कधी मिळाली ती तारीख लिहून ठेवाच.