६४ नोझल आणि पांढऱ्या सिमेंटची एक गोणी

रत्नागिरीजवळ खाडीकाठी असलेल्या आमच्या घराचा स्लॅब १९९४ सालचा आहे. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये वडिलांनी फोनवर सांगितले की मधल्या खोलीच्या छताला लांबच लांब भेगा पडल्या आहेत आणि एका ठिकाणी तपकिरी डाग उतरला आहे. मी पुण्यात, वडील एकाहत्तर वर्षांचे आणि पाऊस दीड महिन्यावर. अशा वेळी दारात आलेल्या ठेकेदाराला फार प्रश्न विचारले जात नाहीत, हे त्यालाही पक्के ठाऊक असते.

त्याने छताला हातोडीसुद्धा लावली नाही. भेगा सरळ आहेत म्हणजे वरवरच्या आहेत, वेड्यावाकड्या असत्या तर काळजी होती, असे त्याने वडिलांना ठासून सांगितले. आमच्या छताच्या बाबतीत हे नेमके उलटे होते. गिलाव्यावर जाळीसारख्या पसरलेल्या केसाएवढ्या भेगा बहुधा तो सुकताना आकसल्यामुळे पडतात आणि त्यांनी फारसे बिघडत नाही. छताखालून ठरावीक अंतराने समांतर धावणाऱ्या भेगा मात्र आतल्या सळयांची रेघ दाखवत असतात. खारी हवा आणि ओल काँक्रीटमध्ये मुरली की सळई गंजते, गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा लागते आणि त्या दाबाने सळईखालचे काँक्रीट फुटते. तपकिरी डाग तेच सांगत होता.

त्याने ‘इपॉक्सी ग्राउटिंग’ सुचवले, म्हणजे छतात नोझल (बारीक नळ्या) रोवून त्यांतून इपॉक्सी हा नंतर घट्ट होणारा चिकट द्रव भेगांमध्ये दाबाने भरणे. एका नोझलला ३५० रुपये याप्रमाणे ६४ नोझलचे २२,४०० आणि वरून केमिकलचे दोन हात, असे मिळून ४१,००० रुपये त्याने रोख घेतले आणि दहा वर्षांची हमी दिली. व्हिडिओ कॉलवर ओळीने लावलेल्या नळ्या पाहून मी निर्धास्त झालो. त्याच चित्रात कोपऱ्यात पांढऱ्या सिमेंटची एक गोणी आणि रंगाची बादली होती, इपॉक्सीचा डबा मात्र एकही नव्हता, हे मला आता दिसते. सीलबंद डबे आपल्यासमोर फोडायला लावून रिकामे डबे मोजून ठेवले असते, तर हे नाटक पहिल्याच दिवशी संपले असते.

ऑगस्टमधल्या एका दुपारी परातीएवढा तुकडा पलंगावर कोसळला. वडील सुदैवाने पडवीत होते. मी पोहोचलो तेव्हा ढिगाऱ्यात नळ्यांचे तुकडे सापडले. जेमतेम इंचभर लांबीचे, गिलाव्यात रोवलेले, काँक्रीटपर्यंत एकही पोहोचलेला नाही. एक उचलून फुंकर मारली, तर वारा आरपार गेला.

नंतर बोलावलेल्या स्ट्रक्चरल इंजिनीअरने छतभर हातोडीने टकटक करून पोकळ आवाज येईल तिथे खडूने वर्तुळे काढली. त्यांचे म्हणणे असे की इपॉक्सी खरोखर भरले असते, तरी गंजलेल्या सळईवर तो उपाय नव्हता. त्यांनी आधी स्लॅबला टेकू दिले, सुटे काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत फोडले, तारेच्या ब्रशने गंज काढून गंजरोधक लेप लावला, जिथे सळई फारच बारीक झाली होती तिथे शेजारी नवी जोडली आणि मग पॉलिमर मॉर्टर, म्हणजे पॉलिमर मिसळलेले सिमेंट-वाळूचे मिश्रण, थराथराने चढवले. या कामाला १,३०,००० रुपये लागले. पहिल्याच वेळी हे केले असते, तर खर्च कमी आला असता. पण पाऊसभर सळई गंजतच राहिली होती.

ठेकेदार फोन उचलत नाही. ग्राहक आयोगाकडे तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत असते, म्हणून वकिलांकडे गेलो. त्यांनी पावती मागितली आणि मी ती प्रथमच नीट वाचली. तिच्यावर ‘रंगकाम व किरकोळ डागडुजी’ एवढेच लिहिलेले होते आणि हमीपत्राखाली सहीच नव्हती. सत्तावीस नळ्या मी पेढ्यांच्या खोक्यात जपून ठेवल्या आहेत. वकिलांनी त्या सोबत आणायला सांगितले आहे.