थकव्यावर ‘ग्रोथ हार्मोन’च्या सुया: आमचे 1,26,200 रुपये असे गेले

आधी आकडा सांगतो, कारण गावात मी तो कमी करूनच सांगत आलो. 1,26,200 रुपये. नोंदणीचे 1,100, रक्त तपासणीचे 4,800, 36 सुयांचे दर सुईला 2,650 प्रमाणे 95,400, जिभेखाली मारायच्या स्प्रेच्या दोन बाटल्यांचे 6,400 आणि शेवटी ‘बूस्टर’चे 18,500. भाव वाढेल म्हणून घरात ठेवलेला 11 क्विंटल कापूस 7,100 नं विकला, त्याचे 78,100 आले. बाकीच्यासाठी बायकोचं डोरलं गहाण पडलं. ते अजून सुटलेलं नाही.

लोभापायी आम्ही फसलो नाही, एवढं लिहू द्या. 2022 च्या पोळ्यानंतर तिला डेंग्यू झाला. ताप उतरला, प्लेटलेट वर आल्या, पण बाई पुन्हा उभी राहिली नाही. दिवसाला चाळीस किलो कापूस वेचणारी ती. आता दोन तास वेचले की दुसऱ्या दिवशी खाटेवरून उठणं नाही. रात्रभर झोपते आणि सकाळी म्हणते झोपच झाली नाही. उभी झाली की डोळ्यापुढं अंधारी. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, सगळे रिपोर्ट नॉर्मल. मग लोक म्हणाले टेन्शन आहे. मग म्हणाले नाटक आहे, वेचणीच्या दिवसातच बरी थकते. मीही एकदा बोललो. काय बोललो ते लिहीत नाही.

अशा घरात शिबिराचा निरोप आला. आणणारा नात्यातलाच. 7 एप्रिल 2024, रविवार, तालुक्याला मंगल कार्यालयात. पांढऱ्या कोटातल्या माणसानं तिचं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाला, याला क्रॉनिक फटीग सिंड्रोम म्हणतात, म्हणजे आराम करूनही न जाणारा थकवा, हा खरा आजार आहे. ती तिथंच रडली. तिथंच रक्त काढलं. आठ दिवसांनी रिपोर्ट आला: ग्रोथ हार्मोन 0.2, त्याखाली लाल रेघ. हे हार्मोन सोडणारी, मेंदूच्या बुडाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी थकली, बाहेरून हार्मोन दिलं की तीन महिन्यांत बाई शेतात, असं सांगितलं. दोन वर्षांत पहिल्यांदा कुठल्या तरी कागदावर काहीतरी ‘कमी’ दिसलं होतं. आम्ही तो कागद लॅमिनेट करून आणला.

आता ती गोष्ट, जी मला रात्री झोपू देत नाही. मे महिन्याचा शेवट, पारा 45 कडे. सुयांचा दुसरा डबा एसटीनं आला. कंडक्टरनं सीटखालून काढून हातात दिला: वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या बाटल्या, वर साधी पन्नी. हात लावला तर बाटल्या गरम. गुरांना लस टोचायला येतात तेसुद्धा थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून आणतात, हे मी दरवर्षी गोठ्यात पाहतो. शिबिरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, “भाऊ, काऊन टेन्शन घेता, हे इम्पोर्टेड हाये, याले उनाचं काही होत नाही.” आणि मी ऐकलं! बाटलीवर बॅच नंबर नव्हता, किंमत नव्हती, चिकटवलेली एक चिठ्ठी फक्त. सोयाबीनच्या पिशवीवर लॉट नंबर पुसट दिसला म्हणून कृषी केंद्रात भांडून पिशवी परत करणारा माणूस मी, पक्क्या बिलाशिवाय बियाणं न उचलणारा. बायकोच्या अंगात जाणाऱ्या औषधाचं बिल मात्र मागितलं नाही. मागितलं असतं तर ते चिडतील, औषध बंद करतील, अशी भीती होती. याच भीतीवर त्यांचा धंदा चालतो. जो बिलाचं नाव काढल्यावर रागावतो त्याच्यासमोरून उठा.

जूनमध्ये मांडीवर गाठ आली, पू झाला, ती आणखी खंगली. ते म्हणाले शरीर साथ देत नाही, बूस्टर लागेल. 18,500. तेही दिले.

जुलैमध्ये नागपूरला हार्मोनच्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा कळलं. हे हार्मोन दिवसभर एकसारखं वाहत नाही. ते झटक्याझटक्यानं सुटतं, आणि सगळ्यात जास्त रात्रीच्या गाढ झोपेत. दिवसा, त्यातही जेवणानंतर, धडधाकट माणसाच्या रक्तातसुद्धा ते जवळपास शून्य सापडू शकतं. तिचं रक्त काढलं होतं दुपारी दीड वाजता, शिबिरातलं वरण-भात खाऊन झाल्यावर. “त्या वेळी तुमचं रक्त काढलं असतं तरी असाच आकडा येऊ शकला असता,” डॉक्टर म्हणाले. खरी कमतरता शोधायला दवाखान्यात बसवून, औषधानं ग्रंथीला डिवचून, ठरावीक वेळानं पुन्हा पुन्हा रक्त घेतात. सोबत या हार्मोनच्या सांगण्यावरून लिव्हरमध्ये तयार होणारं आयजीएफ-1 नावाचं द्रव्य पाहतात. एका आकड्यावर कोणी सुई लावत असेल तर तो चोर आहे.

मी विचारलं, मग शिबिरवाल्यांनी आम्हाला दाखवलेले अभ्यासाचे इंग्रजी कागद? तर ते कागद पूर्ण खोटे नव्हते. या आजाराच्या रोग्यांमध्ये ग्रोथ हार्मोन आणि आयजीएफ-1 यांचा अभ्यास खरंच झालेला आहे. काही ठिकाणी थोडं कमी सापडलं, काही ठिकाणी निरोग्यांइतकंच. अभ्यास छोटे, निष्कर्ष एकमेकांशी न जुळणारे, त्यावरून उपचार ठरलेला नाही. आजाराचं नावही त्यांनी बरोबरच सांगितलं होतं. अर्धं खरं होतं म्हणूनच आम्ही अडकलो. निव्वळ बुवा असता तर मी दारात उभा केला नसता.

स्प्रेचं ऐकून तर डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. हे हार्मोन म्हणजे प्रोटीन, तोंडावाटे गेलं की डाळीसारखं पचून जातं. म्हणून ते सुईनंच देतात, आणि 2 ते 8 अंशात ठेवावं लागतं. खरं असतं तरी गरज नसताना घेतल्यानं साखर वाढते, सांधे दुखतात, अंगावर सूज येते. आमच्या बाटलीत काय होतं, देव जाणे.

पुढचं सरकारी कचेऱ्यांचं. ठाण्यात म्हणाले, तुम्ही राजीखुशीनं पैसे दिले, यात चोरी कुठं? फोनवरून गेलेल्या 60,000 साठी 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी नंबरवर फोन लावला, तर म्हणे लगेच कळवायला पाहिजे होतं. रोख दिले त्याचं काय, तर पुरावा आणा. औषध खात्यात गेलो तर बाटलीवर कंपनीच नाही, कारवाई कोणावर करायची? अहो, कंपनीचं नाव नाही हीच तर तक्रार आहे! आरोग्य खात्यात गेलो, ते म्हणाले बोगस डॉक्टर असेल तर पत्ता द्या. पत्ता असता तर तुमच्याकडे कशाला आलो असतो? शिबिराला गर्दी होती, बाहेर बॅनर होते, गाडीवर भोंगा फिरत होता, तेव्हा एकाही खात्याला पत्ता लागला नाही. पेरणीच्या दिवसांत सात चकरा मारल्या. हाती काय आलं, तर आवक शिक्क्याच्या चार झेरॉक्स. अर्ज तोंडी कधी देऊ नका, शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय पायरी उतरू नका. आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज टाकला आहे. 5 लाखांपर्यंत तिथं फी लागत नाही, हेसुद्धा कोणत्याही साहेबानं सांगितलं नाही, कोर्टाबाहेरच्या टायपिंगवाल्यानं सांगितलं.

नात्यातला तो माणूस आता फोन उचलत नाही. त्याला दर रोग्यामागे किती मिळत होतं, ते मला कळायचंच आहे.

बायको बरी नाही. या आजारावर पक्कं औषध आज नाही, हे नागपूरच्या डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं आणि 500 रुपये फी घेऊन पावती दिली. जेवढं झेपेल त्याच्या आतच काम, मध्ये पडून राहणं, दम असेल त्या दिवशीही जास्त न करणं, एवढंच चालू आहे. मी तिला विचारलं, तुला तेव्हा शंका नाही आली? ती म्हणाली, “आली होती. पण मले कोणीतरी खरं मानलं, हेच लय वाटलं.”

सात सुया उरल्यात. त्या डब्यात बंद करून शेजाऱ्याच्या फ्रीजमध्ये ठेवल्या आहेत. कोणी तपासायला मागितल्या नाहीत. तुमच्याकडे अशाच चिठ्ठीवाल्या बाटल्या असतील तर रागानं उकिरड्यावर फेकू नका. पन्नी, चिठ्ठी, लाल रेघेचा रिपोर्ट, सगळं ठेवा आणि अर्ज करा. एकट्याच्या अर्जाला साहेब विचारत नाही, तेच दहा अर्ज एका दिवशी आले तर त्याला बाटली हातात घ्यावी लागेल.