कॉम्बिनेशन स्विच: बाजारातला लावावा की कंपनीचा?

कॉम्बिनेशन स्विच म्हणजे स्टिअरिंगमागचा, दिवे, वायपर आणि साइड इंडिकेटरच्या दांड्यांचा स्विच. डिपर दोनदा ओढावा तेव्हा एकदा लागतो, साइडची दांडी हातात लुळी पडते. मग स्विच बदलायला झाला समजायचं. आमच्या जुन्या हॅचबॅकला मी दोन्ही लावून पाहिले. आधी बाजारातला, आणि वर्षाच्या आत कंपनीचा.

दिसायला दोघे सख्खे भाऊ. कनेक्टर तेच, स्क्रू तिथेच. कंपनीचा मला जवळपास तिप्पट पडला. वायपर, हेडलाइट, डिपर हे सगळं बाजारातल्यानेही पहिल्या दिवसापासून चोख केलं. तिथे नाव ठेवायला जागा नाही.

अडलं ते एका ‘टक्’पाशी. वळण संपून स्टिअरिंग सरळ होताना व्हीलबरोबर फिरणारा उंचवटा स्विचमधल्या खिट्टीला लागतो आणि दांडी आपसूक मधे येते. माझ्या बाजारातल्या स्विचची दांडी उजवीकडून यायची, डावीकडून यायची नाही. सुरुवातीला वाटलं, होईल सवय. झाली नाही. दिवे घाटात एका ट्रकला जागा द्यायला डावीकडे घेतलं, पुढे सरळ झालो तरी साइड लागलेलीच. मागच्या दुचाकीवाल्याला वाटलं मी कडेला थांबतोय; त्याने उजवीकडून गाडी काढली आणि समोरून एसटी. वाचला. जाताना त्याने दिलेल्या शिव्या माझ्याच हक्काच्या होत्या.

तिसरा पर्याय भंगारातल्या मूळ स्विचचा. काहींना चांगला लाभतो म्हणे, पण खिट्टी किती झिजलीय ते हातात घेऊन मला तरी कळलं नाही. एअरबॅगची स्पायरल केबल, म्हणजे व्हील फिरतानाही एअरबॅगची जोडणी टिकवणारी गुंडाळलेली पट्टी, मात्र जुनी कधीच घेऊ नये.

आणि बसवणं काही गंमत नाही. 1 जुलै 2019 पासून नव्या गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची आहे, त्यामुळे स्विचपर्यंत जाण्याची वाट तिच्यावरूनच जाते. चाकं सरळ ठेवून बॅटरीची निगेटिव्ह काढायची आणि थांबायचं. किती ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं, मी चांगली दहा मिनिटं थांबतो. मगच एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला हात. काढलेली एअरबॅग तोंड वर करून ठेवायची, तिच्या वायरला मल्टिमीटर लावायचा नाही. व्हीलचा नट दोन-तीन आटे तसाच ठेवून ओढायचं, नाहीतर व्हील निसटून थेट तोंडावर येतं. हातोडा नको. उघडी पडलेली स्पायरल केबल फिरवली की मध्य हरवतो, आणि पुढे पूर्ण वळण घेताना आतली पट्टी तुटू शकते. धीर नसेल तर सरळ वायरमनकडे जा, त्यात कमीपणा नाही.

हे सगळं मला वर्षात दोनदा करावं लागलं, तिथेच स्वस्ताईचा हिशेब फिसकटला. गाडी लवकरच विकायची असेल, तर बाजारातलाही चालून जाईल कदाचित. कुठलाही घेतलात तरी व्हील बसवल्यावर, एअरबॅग लावण्याआधी, दोन्हीकडे दांडी टाकून व्हील फिरवून बघा. त्या ‘टक्’ला बॅटरी लागत नाही.