लीप करून सहा महिने: काम दहा मिनिटांचं, पॅड महिनाभर

लीप म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडावरचा खराब पेशींचा भाग करंटच्या तारेने कापून काढणं. सहा महिन्यांनंतरची एचपीव्ही (त्या पेशी बिघडवणारा, संबंधांतून पसरणारा विषाणू) टेस्ट निगेटिव्ह आली, म्हणून आता निवांत लिहितेय. पॅप (तिथल्या पेशींची तपासणी), कॉल्पोस्कोपी (दुर्बिणीतून ते तोंड बघणं), सीआयएन (पेशी किती बिघडल्या त्याची १ ते ३ पायरी) हे शब्द ज्यांच्या रिपोर्टवर आलेत त्यांच्यासाठीच हे आहे. माझं सीआयएन ३ होतं. सीआयएन १ असतं तर बहुधा थांबून बघितलं असतं, कारण त्या पेशी पुष्कळदा आपोआप ठीक होतात. ३ म्हणजे कॅन्सर नव्हे, पण तसंच सोडलं तर काही जणींना काही वर्षांनी होऊ शकतो, म्हणून काढायचं.

प्रत्यक्ष लीपचं थोडक्यात उरकते, कारण आपण घाबरतो त्यालाच आणि त्रास सगळ्यात कमी त्याचाच. मांडीला एक चिकट पॅड लावतात, करंट परत जायला. व्हिनेगरमधलंच आम्ल पिशवीच्या तोंडाला लावलं की खराब भाग पांढरा पडतो. स्क्रीनवर मीही बघितला. मग तिथेच भुलेचं इंजेक्शन. त्यात बरेचदा अॅड्रेनॅलिन असतं, त्यामुळे छाती धडधडते आणि पाय लटपटतात. हे कुणी आधी बोललं नव्हतं. मला वाटलं आता चक्कर येणार. दोन-चार मिनिटांत ओसरलं. नंतर तारेचा बारीक फास फिरतो, धूर ओढणारी नळी घरघरते, जळका वास येतो. पाळीत दुखतं तेवढं दुखलं, संध्याकाळपर्यंत तेही थांबलं.

आता खरी तक्रार. हातात दिलेल्या कागदावर होतं: 'काही दिवस थोडा स्राव होईल.' थोडा! रक्त थांबवायला आत मोन्सेलची पेस्ट लावतात, लोखंडाच्या क्षाराची. ती पुढचे काही दिवस कॉफीच्या चोथ्यासारखी, काळपट, कणीदार होऊन अंगावरून जाते. पहिल्यांदा पॅडवर ते बघून मी रात्री दवाखान्यात फोन लावला, तर पलीकडून 'नॉर्मल आहे' म्हणून फोन ठेवला. नॉर्मल आहे तर कागदावर लिहा ना. एक ओळ लागते. पुढे गुलाबी पाणी, मग पिवळसर, आणि दहा-बारा दिवसांनी खपली सुटली तेव्हा पुन्हा लाल. हेसुद्धा नेहमीचंच, पण मला वाटलं जखम उघडली.

आणि चार आठवडे टॅम्पॉन नाही, पाळीचा कप नाही, संबंध नाही, पोहणं नाही. मी वर्षानुवर्षं कप वापरणारी बाई. घरात एकही पॅड नव्हतं. कपामुळे इतकी वर्षं वाचवलेले पैसे एका महिन्यात पॅडवाल्याच्या घशात गेले. जाड पॅड आधीच आणून ठेवा आणि काळ्या रंगाच्या चड्ड्या वापरा. तासाभरात पॅड भिजायला लागलं, मोठ्या गाठी पडल्या, घाण वास आला, ताप किंवा ओटीपोटात वाढती कळ आली तर मात्र फोनवर ऐकून घेऊ नका, थेट जा.

इथवर मी पहिल्याच महिन्यात लिहून ठेवलं होतं, आणि तेव्हा 'कापण्यापेक्षा गरम करून जाळण्याचा उपचार मागा' असाही सल्ला टाकणार होते, कारण मैत्रिणीचं तसं झालं आणि तिचं पाणी लवकर आटपलं. तो सल्ला मी खोडला. बायोप्सीचा रिपोर्ट आला त्यात 'कडा मोकळ्या' असं होतं, म्हणजे कापलेल्या तुकड्याच्या काठापर्यंत खराब पेशी पोचल्या नव्हत्या. जाळलं की तपासायला तुकडाच उरत नाही. ज्यांच्यासाठी तो उपचार योग्य आहे त्यांनी खुशाल घ्यावा, पण माझ्या सीआयएन ३ ला मला तो कागद हवा होता. पॅडचे पैसे त्यात वसूल.

मूल व्हायचं असेल तर किती खोल कापणार हे आधी विचारा. जितकं खोल, तितकी पुढच्या गरोदरपणात वेळेआधी बाळंत होण्याची शक्यता वाढते. बहुतेकींना काही होत नाही, पण विचारल्याशिवाय हा विषय कुणी काढत नाही.

नवऱ्याने विचारलं, 'मग मीही टेस्ट करू का?' पुरुषांसाठी नेहमीची अशी टेस्ट नाही. विषाणू कधीचा, कुणाकडून आला हेही सांगता येत नाही. वर्षानुवर्षं गप्प बसतो. आमच्याकडे त्यावरून दोन दिवस धुसफूस झालीच.

निगेटिव्ह आलं म्हणजे सुटले असं मात्र नाही. एचपीव्ही पुन्हा येऊ शकतो, आणि अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचना तर असं काही निघालं की निदान २५ वर्षं तपासत राहा म्हणतात. पुढची तारीख मी फोनमध्ये टाकली आहे. दवाखाना आठवण करेल यावर माझा भरवसा नाही. लीपला पाचपैकी चार, 'थोडा स्राव' लिहिणाऱ्या त्या पहिल्या कागदाला शून्य.