संशोधनासाठी जळवा: पुण्यातील एका पुरवठादाराबद्दल

जखम भरून येताना जळूच्या शरीरात काय घडते, हे पाहणाऱ्या पदव्युत्तर प्रकल्पासाठी आमच्या प्राणिशास्त्र विभागाने पुण्यातील एका पुरवठादाराकडून वीस जळवा मागवल्या. त्यांची नेहमीची गिऱ्हाइके म्हणजे पेठांमधली आयुर्वेदिक चिकित्सालये; प्रयोगशाळेची मागणी त्यांना नवीनच असावी.

जळवा मात्र उत्तम निघाल्या. रुंद तोंडाच्या बरणीवर ओले मलमलचे फडके घट्ट बांधलेले होते, आणि पाणी किंचित ढवळताच दोन सोडून बाकी सगळ्या लाटेसारख्या वळत पोहत वर आल्या. नळाचे पाणी दिवसभर उघडे ठेवून मगच वापरा, ही सूचनाही त्यांनी न विचारता दिली.

तक्रार आहे ती चिठ्ठीबद्दल. बरणीवर ‘औषधी जळू’ एवढेच लिहिलेले होते. प्रजाती कोणती आणि शेवटचे रक्त कधी पाजले, याचा पत्ता नाही. फोन केला तर उत्तर मिळाले, ‘‘सर, जळू ती जळूच.’’ रुग्णाला लावायची जळू भुकेली असली की बरेचसे भागते, पण प्रतिकारशक्तीच्या अभ्यासात तसे चालत नाही. जळूकडे आपल्यासारखी प्रतिपिंडे (ठरावीक जंतू ओळखून त्यांना चिकटणारी प्रथिने) नसतात, तिचा सगळा बचाव उपजत प्रतिकारावर चालतो. इटलीतील इन्सुब्रिया विद्यापीठात ‘हिरुडो व्हर्बाना’ या प्रजातीवर झालेल्या कामात असे दिसले आहे, की शरीरभित्तीला जखम केली किंवा जिवाणूंच्या पेशीभित्तीतील घटक टोचला, की महाभक्षी पेशींसारख्या, म्हणजे जंतू गिळून टाकणाऱ्या, पेशी तेथे जमतात आणि नव्या रक्तवाहिन्या फुटू लागतात. आता एकीने मागच्या आठवड्यात रक्त प्यायलेले असेल आणि दुसरी कित्येक महिने उपाशी असेल, तर दोघींची तुलना कशी करायची? प्यायलेले रक्त जळू महिनोन्‌महिने पचवत असते, आणि तिच्या आतड्यात जिवाणूही वस्तीला असतात.

प्रजातीचा घोळ एकट्या या पुरवठादाराचा नाही, हे मान्य केले पाहिजे. परदेशातही ‘हिरुडो मेडिसिनॅलिस’ म्हणून वर्षानुवर्षे विकली जाणारी जळू प्रत्यक्षात ‘व्हर्बाना’ असल्याचे 2007 साली जनुकीय तपासणीतून दाखवले गेले. पण ज्या परंपरेच्या नावाने आपल्याकडे हा व्यवसाय चालतो, त्या सुश्रुतसंहितेतच जळवांचे बारा प्रकार, सहा सविष आणि सहा निर्विष, वेगवेगळे ओळखायला सांगितले आहेत.

(एका विद्यार्थ्याने मधूनच कापली तर दोन जळवा होतील का, असे विचारले. नाही, गमावलेले खंड जळू पुन्हा उगवत नाही, मात्र तुटलेला चेतातंतू ती पुष्कळदा जोडून घेते.)

एप्रिलमधली दुसरी खेप भर दुपारी दुचाकीवरून आली आणि पाच जळवा मेल्या. त्या त्यांनी विनातक्रार बदलून दिल्या, तेही सकाळी आठच्या आत. नंतर आलेल्या जळवा आम्ही महिनाभर उपाशी ठेवून मगच प्रयोगाला घेतल्या. तिसऱ्या मागणीबरोबर प्रजाती, शेवटच्या आहाराची तारीख आणि पाण्याचा स्रोत असे तीन रकाने असलेल्या कोऱ्या चिठ्ठ्या आम्हीच छापून पाठवल्या आहेत.