ऑर्डर मोबाईलवर आल्या, भाव दादांच्या डोक्यातून निघता निघेना: होलसेल ॲपचा नऊ महिन्यांचा अनुभव

नाशिकला रविवार कारंजाजवळ आमचं किराणा आणि तेलाचं होलसेल दुकान आहे. गिऱ्हाईक शहरातलं थोडं, बाकी घोटी, त्र्यंबक, हरसूल, पेठ, दिंडोरीकडचे किराणावाले. गेल्या अक्षय तृतीयेला, 30 एप्रिल 2025 ला, ऑर्डर आणि भाव दोन्ही ॲपवर नेले. ॲपचं नाव मुद्दाम लिहीत नाही, या जातीची ॲपं उन्नीस-बीस सारखीच.

ऑर्डरचं काम महिन्याभरात रुळलं. आधी सकाळी आठ ते अकरा फोन खाली ठेवता यायचा नाही. व्हॉट्सॲपवर वहीच्या पानांचे फोटो यायचे आणि दिवाणजी "वहिनी, हे 3 आहे का 8?" म्हणून मला हाक मारायचे. आता दुकानदार रात्री शटर ओढायच्या आधी ऑर्डर टाकतो, सकाळी यादी छापून हमालांच्या हातात, दहाच्या आत टेम्पो घोटीच्या रस्त्याला. ॲपचे पैसे इथेच वसूल झाले.

भावाने मात्र रडवलं. ॲपवाला पहिल्याच दिवशी म्हणाला, "मॅडम, रेट लिस्ट पाठवा." रेट लिस्ट होती कुठे? माझे सासरे, दादा, समोरच्याचा आवाज ऐकून भाव सांगतात. साखरेचं तेच पोतं एकाला दहा रुपये कमी, दुसऱ्याला दहा जास्त. मला ती मर्जी वाटायची, म्हणून मी सगळ्यांना एकच भाव लावून टाकला. आठवडाभरात रोखीवाले चिडले, "आम्ही नगद मोजतो त्याचं काय?" उधारीवाले खूष.

मग आठ दिवस दादांच्या शेजारी बसले. फोनवर सांगितलेला प्रत्येक भाव लिहिला आणि पुढे त्या गिऱ्हाइकाचे पैसे किती दिवसांनी येतात ते खातेवहीतून उतरवलं. दोन्ही रकाने जवळजवळ जुळले. उशिरा देणाऱ्याचं व्याज दादा भावातच धरत होते, तोंडाने कधी बोलले नव्हते. त्यावरून ॲपमध्ये तीन भाव केले: रोख, 15 दिवस, 30 दिवस. जे इतकी वर्षं चालत होतं तेच. फक्त आता ते दिसायला लागलं, आणि घोटीच्या एका जुन्या गिऱ्हाइकाला ते लागलं. "वीस वर्षांनी मला तीस दिवसवाला करून ठेवलंत का?" दादा स्वतः जाऊन चहा पिऊन आले. ते गृहस्थ अजून फोनवरच ऑर्डर देतात, दिवाणजी ती ॲपमध्ये चढवतात. भाव तोच, तीस दिवसांचा.

तेलाची गोष्ट वेगळीच. 30 मे 2025 ला सरकारने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरची मूळ आयात ड्युटी 20 वरून 10 टक्क्यांवर आणली. शुक्रवारी रात्री जुन्या भावाने पडलेल्या तेलाच्या ऑर्डरी शनिवारी सकाळी धडाधड रद्द झाल्या. ॲपमध्ये रद्द करायला एक बटण पुरतं. दादांना फोन करून "नको" म्हणायला जीभ रेटावी लागते. तेव्हापासून तेलाचा भाव सकाळी दहाला चढतो आणि दुपारी दोनपर्यंतच धरला जातो. नंतर नुसतं "भाव विचारा" दिसतं.

त्यातही डब्याचा घोळ झाला. आम्ही दोन डबे ठेवतो, 15 किलोचा आणि 15 लिटरचा. लिटरच्या डब्यात तेल भरतं साडेतेरा किलोच्या आसपास. ॲपमध्ये दोन्हींचं नाव 'डबा 15' पडलं होतं. हरसूलच्या एकाने किलोचा समजून लिटरचे दहा मागवले आणि काट्यावर ठेवून फोटो पाठवला. चूक आमची होती, फरक आम्ही सोसला.

नावांचंही तसंच. मालाची तयार यादी ॲपवाल्याकडून आली, त्यात भगर होती 'मोरैया', शेंगदाणे 'सिंगदाणा'. आषाढीच्या आधी भगरीला उठाव का नाही म्हणून दादा हैराण! लोक 'भगर' टाइप करत होते आणि पडद्यावर काहीच येत नव्हतं. एका रविवारी बसून दोनेकशे नावं बदलली. घेणार असाल तर हे पहिल्या दिवशी करा.

कराकडे दोनदा डोळा ठेवावा लागला. लेबल लावलेला 25 किलोपर्यंतचा तांदूळ 5 टक्क्यांत येतो, 26 किलोच्या पोत्याला कर नाही. ॲपने दोन्हींना सरसकट 5 लावला होता. आणि 22 सप्टेंबर 2025 ला अंगाचा साबण, टूथपेस्ट, बिस्किटं 18 वरून 5 टक्क्यांवर आली, तेव्हा आदल्या रात्रीच्या ऑर्डरींची बिलं 18 नेच निघाली. दिवाणजींनी ती एकेक रद्द करून नव्याने काढली. ॲपच्या कंपनीचा माणूस दुपारी ऑनलाइन आला, तोवर निम्मे टेम्पो थांबलेले.

वसुलीत फार फरक नाही. थकबाकीचा मेसेज आपोआप जातो, कोणी वाचत नाही. दिवाणजींचा फोन लोक उचलतात.

एप्रिलमध्ये ॲपचे पुढच्या वर्षाचे पैसे भरायचे आहेत. भरणार. पण किलो आणि लिटर वेगळे दाखवणारा रकाना द्या असं सहा महिने सांगतेय, तो अजून आलेला नाही. तोवर मी मालाच्या नावातच लिहून ठेवलंय: 'सोयाबीन डबा, पंधरा लिटर, किलो नव्हे'.