कोर्टाची बातमी: आत बसून की मोबाईलवरून?

लोकल पोर्टल चालवणारी पोरं हल्ली विचारतात, सातारा-सांगलीच्या कोर्टाच्या बातम्या करायच्या तर रोज जाऊन बसायचं का ईकोर्ट्स ॲपवर भागतं. माझं मत: तारखेला ॲप, साक्षीला स्वतः, निकालाला कागद. पण तेवढी माणसं कुणाकडेच नसतात, म्हणून वेळ कुठं घालवायचा ते बघू.

ॲप फुकट आहे, १६ अक्षरी-आकडी सीएनआर नंबर (प्रत्येक खटल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकला की पुढची तारीख, स्टेज, झालेल्या ऑर्डर्स दिसतात, वाई, फलटण, कराड, जत सगळं घरबसल्या. पण खटला ऐन रंगात असतो तेव्हा तिथं दिसतं काय, तर 'एव्हिडन्स पार्ट हर्ड', म्हणजे साक्ष अर्धवट झाली, बास. साक्षीदार फितूर झाला का, पंचाने उलटतपासात 'सही पोलीस ठाण्यात घेतली' असं कबूल केलं का, यातलं काही कळत नाही आणि खरी बातमी तर तीच असते.

आत बसायला पैसे लागत नाहीत पण दिवस जातो. पुकारा होईपर्यंत जेवणाची सुट्टी होते, मग वकील उठून म्हणतात साहेब आज तारीख मिळावी, झालं. तरी साक्ष चालू झाली की पंख्याच्या घरघरीत साक्षीदार काय पुटपुटतोय ते ऐकू नाही आलं तरी जज साहेब तेच टायपिस्टला सांगतात, कान तिकडं ठेवायचा. फोन सायलेंट आणि खिशात, रेकॉर्डिंगचा विचारसुद्धा नको, वही बरी.

दारात कुणी अडवलं तर फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं, बीएनएसएसचं कलम ३६६ (जुनं सीआरपीसी ३२७) सांगा, फौजदारी कोर्ट खुलं असतं, जागा असेल तोवर कुणीही बसू शकतं. मात्र प्रेसचं कार्ड म्हणून वेगळा हक्क काही नाही, आणि जज बाहेर जा म्हणाले तर जायचं. १९६६ ची नरेश मिरजकर केस बघा, मुंबई हायकोर्टाने एका साक्षीदाराची साक्ष छापायला मनाई केली, रिपोर्टर सुप्रीम कोर्टात गेले आणि नऊ जजांच्या बेंचपुढे बहुमताने हरले. याउलट २०२१ मध्ये निवडणूक आयोगाला मद्रास हायकोर्टाचे तोंडी शेरे मीडियाने छापू नयेत असं हवं होतं, तेव्हा सुप्रीम कोर्टाने नाही म्हटलं. म्हणजे शेरा छापा, पण तोंडी होता असं लिहा, ऑर्डर म्हणून खपवू नका.

निकालाच्या कागदाची नक्कल पक्की पण हळू. तुम्ही तिऱ्हाईत, त्यामुळे अर्जात कारण लिहावं लागतं. माहिती अधिकारात टाकू म्हणाल तर २०२० च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर कोर्टाच्या नियमानेच जावं लागतं.

कोर्टाच्या लाईव्ह प्रक्षेपणाचं सोडा, ते सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाला ठीक, खालच्या कोर्टाचं काम त्याच्या भरवशावर ठेवू नका. हायकोर्टातली अपीलं, जामीन मात्र १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाच्या कोल्हापूर सर्किट बेंचला जातात, तिथं रोज जाण्यापेक्षा ऑर्डर अपलोड झाली की वाचणं परवडतं.

एकट्याने पोर्टल चालवत असाल तर चारपाच खटलेच धरा, ॲपवर तारखा बघा आणि फक्त उलटतपासाच्या दिवशी जा. बलात्कार, पॉक्सोचे (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचे) खटले इन कॅमेरा, म्हणजे बंद दाराआड चालतात, तिथं बसायचा प्रश्नच नाही, आणि पीडितेचं नाव तर नाहीच पण गाव, शाळा, वडिलांचा धंदा असलं ओळख पटेल असं काहीही छापायचं नाही, पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये चुकून आलं असलं तरी.